कोरा तळवा

माणसाचं भविष्य तळहातावर लिहिलेलं असतं ही शुद्ध थाप आहे. माणूस लिहिलेला असतो तो तळव्यावर, आणि तोही भूतकाळासकट, हा सिद्धान्त साचेमास्तरांनी एकतीस वर्षं पोटच्या पोरासारखा जोपासला होता. चप्पल पालथी करून दाखवा, सगळं सांगतो, असं ते कुणालाही ऐकवत. टाचेची बाहेरची कड झिजली असेल तर माणूस हट्टी, चवड्याखाली खड्डा पडला असेल तर उतावळा, आणि झीज दोन्हीकडे अगदी सारखी असेल तर त्या माणसापासून जरा जपून राहावं, कारण तो एक तर संत असतो किंवा चप्पल दुसऱ्याची असते. एवढं ऐकवून मास्तर समाधानाने उठले आणि चालू लागले, तेव्हा त्या सोमवारी त्यांच्या एका पायात तपकिरी चप्पल होती आणि दुसऱ्यात काळी. सकाळी बायकोने दारातून हाक मारली होती, "अहो, खाली बघा जरा!" पण मास्तरांना वाटलं, ती पायरी जपायला सांगते आहे. पायरी त्यांनी जपली होती.

साचेमास्तर हे अर्थातच त्यांचं नाव नव्हतं. अपंग मुलांच्या पुनर्वसन केंद्राच्या तळमजल्यावर, जिन्याच्या मागे, पांढऱ्या धुळीने माखलेली एक खोली होती आणि त्या खोलीत ते मुलांच्या पायांचे साचे घेत, त्या साच्यांवरून प्लास्टिकचे बूट बनवत. कागदावर त्याला स्प्लिंट म्हणत, मुलं बूट म्हणत. वरच्या मजल्यावर बोलायला शिकवणाऱ्या बाई होत्या, मोठ्या चेंडूवर मुलांना पालथं घालून तोल शिकवणाऱ्या व्यायामताई होत्या, आणि सगळ्यांच्या वर, खऱ्या अर्थाने, मोठ्या बाई होत्या, ज्यांच्या खोलीत गेलं की प्रत्येक जण आपोआप दोन इंच बुटका होई. पण पाय मात्र सगळ्यांचे मास्तरांकडेच यायचे. त्याच सोमवारी दुपारी चौकशी आली. ही सात वर्षांची मुलगी. जन्मापासून डावा पाय ताठ, टाच जमिनीला लागत नाही, चवड्यावर टुकटुक चालते आणि चालता चालता अखंड प्रश्न विचारते, म्हणून स्टेशनावरच्या खिडकीवरून तिला सगळे चौकशी म्हणत. सहा महिन्यांनी बूट तपासायला आणायचा असतो, तसा तिच्या आईने पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. मास्तरांनी सवयीने तो पालथा केला आणि त्यांच्या हातांना काहीतरी लागलं. म्हणजे काहीच लागलं नाही. तळाला चिकटवलेलं काळं रबर जसंच्या तसं होतं, त्यावरच्या चौकटींची नक्षी करकरीत, एका कोपऱ्यात त्यांच्याच अंगठ्याचा डिंकातला ठसासुद्धा शाबूत.

"रोज घालते ना?" त्यांनी विचारलं.

"रोज. सहा तास." आईने लगेच वही पुढे केली. बूट किती तास घातला ते पालकांनी रोज लिहायचं, अशी केंद्राची पद्धत होती. सहा, सहा, सहा, सहा. पानंच्या पानं सहा, एकाच निळ्या शाईत, आणि शेवटच्या पानांवर हात दुखल्यासारखे थोडे आडवे झालेले.

"टोचत नाही ना कुठे?" हा प्रश्न मास्तरांनी चौकशीला विचारला. चौकशीने आधी आईकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि म्हणाली, "नाही." जिने अर्ध्या तासापूर्वी व्यायामताईंना 'चेंडूच्या आत कोण राहतं' पासून 'तुमचं लग्न का नाही झालं' पर्यंत एकवीस प्रश्न विचारले होते, तिने एका शब्दात उत्तर दिलं आणि गप्प बसली. 

त्या 'नाही'ने मास्तरांची दुपार नासली. 'बूट ठेवून जा, बघतो,' असं सांगून त्यांनी मायलेकींना वाटेला लावलं, पण बघण्याचं धाडस होईना. तो कोरा तळवा समोर ठेवून ते बसले. नवं रबर किती बिनबोभाट असतं. झिजलेला तळवा बोलतो, कुरकुरतो, सांगतो की पोरगं डावीकडे झुकतं, की पोरगं खेळाच्या वेळी पाय ओढतं. हा मात्र पोलिसांत जबाब द्यायला आलेल्या साक्षीदारासारखा, मला काही माहीत नाही म्हणत पडला होता. आणि वर जिन्यापाशी फळ्यावर गुरुवारच्या बैठकीची यादी लागली होती. गुरुवारी बाहेरून हाडांचे डॉक्टर येत. यादीत चौकशीच्या क्रमांकापुढे व्यायामताईंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: सहा महिने नियमित बूट वापरूनही टाच टेकत नाही; शस्त्रक्रियेचा विचार व्हावा. म्हणजे टाचेमागची शीर कापून लांब करायची. म्हणजे भूल, टाके, पुन्हा दीड महिना प्लास्टर, पुन्हा पहिल्यापासून उभं राहणं. मास्तर शस्त्रक्रियेच्या विरोधात नव्हते. लागेल तिथे लागतेच. पण वापरलेल्या बुटाने गुण येत नाही म्हणून कापणं निराळं आणि कधी न घातलेल्या बुटाने गुण येत नाही म्हणून कापणं निराळं. मग सांगून टाकावं, बूट घातलेलाच नाही? तर मोठ्या बाईंचा नियम होता, सूचना न पाळणाऱ्या पालकांचं नाव उपचारांच्या प्रतीक्षायादीच्या शेवटी. यादी दीड वर्षाची होती. दीड वर्षात चौकशीची उंची वाढेल, हाड वाढेल, शीर मात्र हट्टाने तेवढीच राहील. म्हणजे बोललं तर आई बुडते, गप्प राहिलं तर पोरगी कापली जाते. मास्तरांनी चहा मागवला आणि तो गार होईपर्यंत त्याच्याकडे एखाद्या पाहुण्यासारखं पाहत राहिले.

शेवटी त्यांनी बुटात हात घातला. हात घालायचा म्हणजे बोटांनी वाचायचं. पोटरीची बाजू ठीक, टाचेची खोबण ठीक, आतल्या घोट्यापाशी हाडाला सोडलेली जागा ठीक. आणि त्याच्या वर दोन बोटांवर, नडगीच्या कडेला, जिथे कातडीखाली मांस नसतं, नुसतं हाड असतं, तिथे प्लास्टिक आत आलं होतं. चांगलं दोन सुपाऱ्यांएवढं. मास्तरांनी हात बाहेर काढला, पुसला, पुन्हा घातला. ते तिथेच होतं. तिथे असं काही करायचं काहीच कारण नव्हतं. शिकाऊ पोरसुद्धा तिथे दाब देणार नाही. एक क्षण त्यांच्या मनात आलं की हा आपला बूटच नव्हे, आणि त्या विचाराने त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी घाईघाईने तो दुसऱ्या क्षणाला मरू दिला. तळाशी त्यांचाच अंगठा होता.

जुने साचे ठेवायची खोली म्हणजे एक लांब बोळ. दोन्ही बाजूंना फळ्या आणि फळ्यांवर पाय. पांढरे, गुडघ्याखाली तुटलेले, शेकडो. काही दोन वर्षांच्या मुलांचे, मुठीत मावणारे, काही मिशा फुटलेल्या पोरांचे. मास्तरांना या बोळात कधी भीती वाटली नव्हती. उलट बायकोशी वाजलं की जेवणाचा डबा घेऊन ते इथे येऊन बसत, कारण एवढे पाय असून कुणी निघून जात नाही अशी ही एकच जागा होती. आज मात्र त्यांना वाटलं, सगळी बोटं आपल्याकडे वळलेली आहेत. यातली किती पोरं 'नाही' म्हणाली होती? सगळीच. एकतीस वर्षांत 'टोचतंय' म्हणालेलं पोर त्यांना आठवेना. बूट पहिल्यांदा चढवला की खोलीत आई असते, ताई असते, कधी आजी डोळ्यांना पदर लावून असते, सगळे हसत असतात, अन् मग मास्तर खाली बसून विचारतात, टोचतंय का? एवढ्या लोकांचा आनंद मोडण्याची हिंमत पाच वर्षांच्या माणसात कुठून येणार? मास्तरांनाच साठाव्या वर्षी आली नव्हती. लग्नाच्या वाढदिवसाला मुलाने आणलेला सदरा काखेत काचतो, हे त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं.

चौकशीचा साचा तिसऱ्या फळीवर सापडला. खिडकीशी नेऊन धूळ फुंकली. बुटात जिथे फुगवटा, तिथे साच्यावर तासलेला खळगा होता, आणि त्या खळग्यात, कानशीने तासूनही न गेलेली, फिकट जांभळी फुली दिसली. आधी पायावर पातळ मोजा चढवायचा, त्यावर जांभळ्या पेन्सिलीने खुणा करायच्या, मग ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या. पेन्सिल ओली झाली की शाईसारखी उतरते आणि खुणा साच्यावर उमटतात. जिथे हाड, तिथे गोळा, म्हणजे जागा सोड. जिथे मांस आणि दाब हवा, तिथे फुली, म्हणजे तास. मास्तरांची फुली छापल्यासारखी असे, दोन्ही काड्या समान. एकतीस वर्षांत बँकेने त्यांची सही नाकारली होती, पण फुली कधी बदलली नव्हती. ही फुली त्यांची नव्हती. एक काडी लांब, एक आखूड, आखूड काडीला शेवटी शेपूट. आणि ती कुठे होती? त्यांनी घोट्यावर काढलेल्या गोळ्याच्या बरोब्बर वरच्या घरात. मास्तरांनी स्टुलावर बसून घेतलं. प्लास्टर भिजवायला ते वळतात, पाठ फिरते, पेन्सिल स्टुलावर राहते. काकांनी गोळा काढला. आता डाव कुणाचा?

पण फुली ओळखू का आली नाही, हा प्रश्न चौकशीने विचारला नव्हता तरी मास्तरांना सुटत नव्हता. त्यांना तो दिवस आठवायला लागला, आणि आठवू नये म्हणून ते बोळातून बाहेर आले, तर तो दिवस त्यांच्या मागोमाग बाहेर आला. त्या महिन्यात कुठल्याशा कॉलेजातले दोन विद्यार्थी रोज येत होते. वह्या उघडून उभे. आणि मास्तर हातात कानस घेऊन साचा तासता तासता त्यांना सांगत होते: माणूस तळव्यावर लिहिलेला असतो. हट्टी, उतावळा, संत. विद्यार्थी हसत होते, लिहून घेत होते, आणि हसणाऱ्या माणसांकडे पाहत तासताना हात फुली दिसली की तासत गेला. सिद्धान्ताने एका पोरीची नडगी सोलली होती.

बुधवारी संध्याकाळी ते चौकशीच्या आईकडे गेले. ती एका कपडे दुरुस्तीच्या दुकानात मशीन चालवायची. दुकान म्हणजे दोन इमारतींमधली फट. वर लटकलेल्या विजारी, खाली ती. मास्तरांना पाहून तिने पायाखालचं मशीन थांबवलं नाही, फक्त हळू केलं.

"यादीतनं नाव काढलं ना?" तिने विचारलं.

"नाही हो. मी वेगळ्याच कामाला आलोय. बूट कधी सोडला घालायचा?"

मशीन थांबलं. "खरं सांगू?"

"खोटं वहीत वाचलंय मी."

ती हसली नाही. "दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी घातला तर तिने ओठ चावला. रडली असती तर मी आणून तुमच्या टेबलावर आपटला असता. रडलीच नाही. काढला तर नडगी लालभडक. तिसऱ्या दिवशी आले होते मी दाखवायला. तुम्ही म्हणालात, लाल होतंच, आईचं मन कच्चं असतं, पट्टा सोडायचा नाही, सवय होईल."

"मी?"

"मग काय मी? दोन मुलं उभी होती वह्या घेऊन. त्यांनी तेही लिहून घेतलं."

मास्तरांनी वर लटकलेल्या विजारींकडे पाहिलं. "मग वहीत सहाच का लिहिलंत?"

"सहा लिहायला सोपा जातो," आई म्हणाली, आणि सुई खाली टाकून मशीन पुन्हा चालू केलं. मग त्याच्या आवाजात, मान वर न करता: "रोज पाय चोळून देते मी. अर्धा तास. ते लिहायला वहीत रकाना नाही."

परतताना मास्तर चुकीच्या रस्त्याला लागले. सवय होईल. हे वाक्य त्यांचं नव्हतं, वडिलांचं होतं. धाकट्या भावाचा पाय तापात गेला होता आणि सायकलवाल्याकडून लोखंडी पट्ट्यांचा, चामड्याच्या वाद्यांचा एक सांगाडा करून घेतला होता. त्याच्या वाद्या आवळायचं काम रोज सकाळी मास्तरांचं, तेव्हा ते दहा वर्षांचे. भाऊ कुंईकुंई वाजत अंगणातून चालायचा आणि शेजारीपाजारी टाळ्या वाजवायचे. आपल्या टाळ्या आहेत असं समजून मास्तर आणखी एक भोक पुढे आवळायचे. महिन्याने एका रविवारी आंघोळीच्या वेळी चामडं काढलं तर ते एकटं निघालं नाही. आई किंचाळली, वडील म्हणाले, सवय होईल, आणि भाऊ सगळ्यांकडे पाहून माफी मागितल्यासारखा हसला. त्या हसण्यामुळे मास्तर या धंद्यात आले, असं ते सांगत. तसं ते स्वतःच्या निवृत्तीच्या निरोप समारंभातल्या भाषणात म्हणणारही होते, पुढच्या महिन्यात. ते एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि त्यांनी भावाला फोन लावला. भाऊ दुसऱ्या गावी घड्याळं दुरुस्त करतो, काठी घेऊन चालतो, आणि कुणाचं काही ऐकून घेत नाही.

"काय रे दादा, मेलं का कुणी?"

"तेव्हा बोलला का नाहीस? चामडं लागत होतं तर?"

पलीकडे टिकटिक ऐकू येत होती. दहा-बारा घड्याळांची, कुणाचाच मेळ नसलेली. "तू विचारायचास ना," भाऊ म्हणाला.

"तेच तर म्हणतोय. विचारायचो."

"विचारायचास, पण तोवर आवळून झालेलं असायचं. ठेवू? गिऱ्हाईक आलंय."

गुरुवारी बैठकीत मास्तर कधी नव्हे ते इस्त्रीच्या शर्टात, एकाच जोडाच्या चपला घालून बसले. हाडांचे डॉक्टर घाईत होते. ते जन्मतः घाईत असावेत. चौकशीचा क्रमांक आला, व्यायामताईंनी वाचलं, डॉक्टर म्हणाले, "पुढच्या महिन्यात घेऊ," आणि पान उलटायला लागले. मास्तर उभे राहिले. तयारी मोठी केली होती: धंद्याची अब्रू, एकतीस वर्षं, भाऊ. तोंडातून निघालं ते एवढंच, "साहेब, बूट चुकीचा होता. पोरीने तो घातलाच नाही. घालता येण्यासारखाच नव्हता. मी चुकलो. आई सांगायला आली तर तिलाही मी हाकललं." आता आकाश कोसळेल म्हणून ते थांबले. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग नवा करा. तीन महिन्यांनी बघू. टाच टेकली नाही तर मात्र कापायलाच लागेल. पुढचा?" आकाश जागच्या जागी राहिलं, आणि मास्तरांना त्याचा थोडा रागच आला. मोठ्या बाईंनी एवढंच विचारलं की आईच्या वहीचं काय. मास्तर म्हणाले, "त्या वहीत पाय चोळल्याचा रकाना घाला, मग बोलू," आणि आपण हे मोठ्यांदा बोललो हे त्यांना खाली बसल्यावर कळलं. बाहेर जिन्यात व्यायामताईंनी त्यांना गाठलं. "मास्तर, सहा महिने गेले. मी त्या पोरीला रोज म्हणत होते, तू मन लावत नाहीस. टाच आता घट्ट झालीय. तीन महिन्यांत व्हायचं नाही कदाचित." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मास्तर खाली आले आणि त्यांनी 'पुन्हा करावे लागलेले काम' ही नोंदवही उघडली, जिच्यात त्यांच्या नावाचं पान कोरं होतं आणि ते पाहुण्यांना दाखवायची त्यांना खोड होती. कारणाच्या जागी छापील तीनच पर्याय होते: मूल वाढले, वस्तू मोडली, पालकांची हयगय. नमुना त्यांनीच तयार केला होता. चौथी जागा नव्हती. त्यांनी समासात, तिरकं, लिहिलं.

शुक्रवारी चौकशी टेबलावर बसली, डावा पाय पुढे. मास्तरांनी मोजा चढवला. नडगीवर अजून एक तपकिरी डाग होता. त्याला त्यांनी बोट लावलं आणि काढून घेतलं. "आवळायच्या आधीच विचारतो," ते म्हणाले, "आणि आईला मी बाहेर बसवलंय. इथे कुणी हसत नाहीये. कुठे दुखतं?"

चौकशीने खोलीभर नजर फिरवून कुणी हसत नाही याची खात्री करून घेतली. मग बोटाने दाखवलं. तिथे, आणि तिथे, आणि टाचेला थोडं, आणि "व्यायामताई ओढतात तिथे, पण ते त्यांना सांगू नका."

मास्तरांनी घोट्यावर गोळा काढला, पेन्सिल लगेच स्वतःच्या कानामागे खोचली आणि म्हणाले, "मागच्या वेळी फुली तू काढलीस ना?"

"तुमचा गोळा झाला होता," ती म्हणाली. "मग माझी फुली. मग तुम्ही पुढे खेळलातच नाही."

"नाही खेळलो."

"मी घरी वाट बघितली. मला वाटलं, बुटाच्या आत काढला असेल. आत अंधार होता."

मास्तरांनी पट्टी पाण्यात बुडवली. बुडबुडे संपेपर्यंत तिथेच धरून ठेवली. "हे बघ, हात डोक्यावर ठेव. दोन्ही. प्लास्टर घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, एवढंसुद्धा नाही. या वेळी चुकलो तर मला पुन्हा संधी नाही. तुलाही नाही." तिने दोन्ही हात डोक्यावर ठेवले, बोटं एकमेकांत अडकवून, आणि पुतळा झाली. मास्तरांनी पट्ट्या गुंडाळल्या, दोन्ही तळहातांनी टाच खाली दाबून धरली आणि तिथेच धरून बसले. आता चार मिनिटं सोडता येणार नव्हतं. प्लास्टर कोमट व्हायला लागलं. आतली टाच, ताठ, हट्टी, त्यांच्या तळहातावर उलट जोर देत होती. ती येईल की नाही, कुणास ठाऊक. भाषणात म्हणणार होते ते सगळं त्यांच्या तोंडाशी आलं. "बाळ," ते म्हणाले, "एकतीस वर्षं मी लोकांचे तळवे वाचत बसलो. तुझा पाय माझ्या हातात होता आणि मी दुसरीकडे बघत होतो. तुझी आई आली, तिचंही ऐकलं नाही. तू मला क्षमा कर असं मी म्हणत नाही, तू लहान आहेस, पण तू मोठी झालीस की कधीतरी—"

"काका."

"बोल. काय वाटेल ते बोल."

"नाकाला खाज सुटलीय," चौकशी हात डोक्यावरून न काढता, ओठसुद्धा फारसे न हलवता म्हणाली. "जरा खाजवता का?"